साहेबांच्या घरचा स्लॅब

अश्विन साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुंदनच्या हातातला चहा हिंदकळून अंगठ्यावर सांडला. चटका बसला, पण त्याने हात हलवला नाही. नाशिकच्या गंगापूर रोडच्या कडेला एका टपरीसमोर दोघं उभे होते. समोरचा रस्ता कुंभमेळ्याच्या कामासाठी उकरून ठेवलेला, झाडांची पानं धुळीने मातकट झालेली. साहेब हसत सांगत होते की स्वतःचा बंगला बांधायला काढलाय, कॉलम उभे राहिलेत, पण स्लॅबखाली प्लेटा-टेकू लावणारा सेंट्रिंगवाला काम अर्धवट टाकून गावी निघून गेला, आणि ज्याला विचारावं तो कुंदनचं नाव सांगतो. "बिल्डिंगच्या कामाला कोणीही चालतो," ते म्हणाले. "स्वतःच्या घराला माणूस विश्वासाचा लागतो." खांद्यावरचा हात जड नव्हता. उबदार होता, जरासा घामेजलेला, कुणाही माणसाचा असावा तसा. कुंदनला नवल वाटलं ते याचंच. इतकी वर्षं हा माणूस त्याच्या डोक्यात वावरत होता, पण त्याच्या अंगाला ऊब असेल असं कधी मनात आलं नव्हतं. तो हो म्हणाला. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला हे त्याने ऐकलं, आणि आत कुठेतरी एक जागा एकदम शांत झाली.

साहेबांनी त्याला ओळखलं नव्हतं. ओळखण्यासारखं काही नव्हतंच. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या गावाकडच्या माणसांत एक बारीक, दाढी न केलेला तरुण होता, त्याच्याकडे पांढऱ्या शर्टातल्या इंजिनियरने कशाला पाहावं. कुंदनने मात्र त्या दिवशी त्याला पुरतं पाहून घेतलं होतं. बोलायच्या आधी ओठ ओले करायची सवय, मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवणं, आणि साक्षीत शांतपणे म्हटलेलं ते एक वाक्य, की टेकू काढू नका असं मी स्पष्ट सांगितलं होतं, मिस्त्रीने ते परस्पर काढले. मिस्त्री म्हणजे कुंदनचा थोरला भाऊ, रावजी. तो समोर उभा होता. त्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली. कुंदनला त्या वेळी भावाचाच राग आला होता. ओरड ना, असं त्याला म्हणायचं होतं. पण रावजी ओरडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, आणि मग तो ओरडा कुंदनच्या आत येऊन राहिला.

मागच्या कुंभाच्या आदल्या वर्षीची ती गोष्ट. पाथर्डी फाट्याकडे एका इमारतीच्या दारावरचा मोठा पोर्च भरून झाला होता आणि काँक्रीट अजून ओलं होतं. म्हणजे वरून कडक, आतून कच्चं. खाली लोखंडी टेकू लावलेले, त्यांच्यावर सगळा भार. तेच टेकू दुसऱ्या साइटला हवे होते. अश्विन साहेब तेव्हा साधे साइट इंजिनियर होते. मोटरसायकलवरून न उतरताच ते म्हणाले, उद्या सकाळी काढ, तिकडे काम अडलंय. रावजी म्हणाला, साहेब, अजून पिकला नाही. साहेब म्हणाले, मी सांगतोय ना. हे रावजीने कुंदनला एकदाच सांगितलं होतं, निफाडच्या घरी, ओसरीवर बसून, बोलताना जमिनीवरचा एक खिळा बोटाने मागेपुढे सरकवत. सकाळी टेकू निघाले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सुरगाण्याकडची कुसाबाई नावाची मजूर बाई पोर्चच्या सावलीला डबा उघडून बसली, आणि पोर्च तिच्या अंगावर खाली आला. रावजी तिथून थोड्याच अंतरावर नळावर हात धूत होता.

गुन्हा रावजीवर लागला. तो आत राहून आला, जामिनावर सुटला, तारखा झाल्या, आणि शेवटी पुराव्याअभावी सुटकाही झाली. पण तोवर रावजी स्लॅबखाली बसेनासा झाला होता. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. तो अंगणात झोपायचा, लोकांना वाटलं उकडत असेल. मग लग्नाच्या हॉलमध्ये तो बाहेर मांडवाच्या टोकाला बसला. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीच्या दारातूनच त्याने आपलं दुखणं सांगितलं. कुंदनने नाशिकमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा तो आला, पण फाटकाशीच थांबला. कुंदनची बायको उज्वला ताट घेऊन खाली गेली आणि रावजीने ते झाडाखाली बसून संपवलं, ताट धुऊन परत दिलं, आणि गेला. आता तो दिंडोरीजवळ एका द्राक्षबागेत कामाला होता. मांडवाच्या तारा ओढायच्या, वाकलेले खांब सरळ करायचे, आणि रात्री बागेतच पाचटाच्या खोपीत झोपायचं. पाचट पडलं तर माणूस मरत नाही, एवढंच तो एकदा म्हणाला होता.

भावाच्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू घरात गंजत पडले होते. कुणीतरी ते वापरायला हवे होते, म्हणून कुंदन या धंद्यात आला. असं तो लोकांना सांगायचा. पण बंगल्याच्या जागेवर पहिल्यांदा उभा राहून त्याने मान वर केली, आणि उघड्या कॉलमांच्या मधल्या रिकाम्या आभाळाकडे पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं की आपण या एका जागेसाठीच इतकी वर्षं प्लेटा वाहत होतो. इथे खाली हॉल होणार होता, तिकडे पोरीची खोली, त्या कोपऱ्यात देवघर. साहेब हातवारे करून दाखवत होते. त्यांच्या पत्नी, मीना मॅडम, ओढणीने तोंड झाकून विटांच्या ढिगापाशी उभ्या होत्या आणि पोरीच्या खोलीला मोठी खिडकी हवी म्हणत होत्या. कुंदन मान हलवत होता आणि मनातल्या मनात एकेका टेकूची जागा ठरवत होता.

पहिल्यांदा जे सुचलं ते साधं होतं. एखादा टेकू सैल ठेवायचा, बीमखालची एक पाचर अर्धीच ठोकायची. भरताना सगळं बसेल, कोसळेल, सूड पुरा होईल. तो विचार त्याने दोन-चार दिवस तोंडात सुपारी धरावी तसा धरून ठेवला. पण दर वेळी चित्र पुढे सरकलं की स्लॅबच्या वर उभी असलेली माणसं त्याला दिसायची, आणि ती त्याचीच माणसं असायची. खाली टेकू बघायला असलेला माणूसही त्याचाच. साहेब कुठे, तर बाजूला, झाडाच्या सावलीला, फोनवर. पडणाऱ्या स्लॅबखाली साहेब कधीच नसतात, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याच्या मनात आलं की भाऊ काही मेला नाही. भावाचं काय झालं? भावाच्या डोक्यावरचं छत गेलं. साहेबांचंही तेवढंच जायला हवं. छत जागच्या जागी राहील, आणि तरी जाईल. हे सुचलं तेव्हा कुंदन सेंट्रिंगच्या प्लेटांना तेल लावत होता. त्याने फडकं खाली ठेवलं आणि थोडा वेळ काळ्या तेलाने माखलेल्या आपल्या हातांकडे बघत बसून राहिला. मग तो हसला.

त्या स्लॅबसारखं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. प्लेटांच्या फटीतून पाणीसुद्धा गळू नये म्हणून त्याने प्रत्येक सांधा पट्टी लावून बंद केला. टेकू ओळंब्यात उभे केले. सळया बांधून झाल्यावर वाकून वाकून पाहिलं, कुठे सळई प्लेटेला टेकलीय का, कुठे तार बाहेर आलीय का. माणसं कुरकुरली, की मंदिराचं काम आहे का हे. साहेब येऊन बघून गेले आणि खूश झाले. कुंदनला ते खूश झालेले आवडलं. एखादं भांडं आतून घासून लखलखीत करावं आणि मग त्यात काय ओतायचं ते आपल्यालाच ठाऊक असावं, तसं त्याला वाटत होतं.

भरायच्या दिवशी सकाळी मीना मॅडमनी नारळ फोडला, पेढे वाटले. गाड्या आल्या, पंपाचा पाइप वर गेला आणि काँक्रीट धबाधब पडू लागलं. कुंदन खाली होता. वर भरणं चालू असताना खाली कुणीतरी टेकूंवर नजर ठेवावी लागते. आज ते काम त्याने दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. खाली अंधारलेलं होतं, टेकूंची दाटी, ओल्या सिमेंटचा वास, आणि वर काँक्रीट बसवायला व्हायब्रेटर लावला की प्रत्येक लोखंडी नळीतून जाणारी थरथर. त्याने हाक मारून साहेबांना खाली बोलावलं. जरा बघून घ्या म्हणाला. साहेब वाकून आत आले, टेकूंमधून वाट काढत त्याच्यापर्यंत आले, वर पाहिलं आणि म्हणाले, मस्त, कुठे काही हलत नाहीये. कुंदन त्यांच्या आणि बाहेरच्या उजेडाच्या मध्ये उभा राहिला.

"मी रावजी मिस्त्रीचा भाऊ," तो म्हणाला.

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. वर व्हायब्रेटर थांबला होता आणि त्या शांततेत त्यांनी ओठ ओले केले ते कुंदनने पाहिलं. आता ते काहीतरी बोलणार, रावजी कसा आहे असं विचारणार, हे त्याला दिसलं, आणि तेवढंच त्याला नको होतं.

"या स्लॅबात मी एक गोष्ट ठेवलीय," तो म्हणाला. "कुठं ते सांगणार नाही. आज पडणार नाही, घाबरू नका. सेंट्रिंग काढल्यावरही पडणार नाही. तुम्ही राहायला या. खाली झोपा."

व्हायब्रेटर पुन्हा सुरू झाला. साहेबांनी एक टेकू हाताने धरला आणि लगेच सोडला. भरणं थांबवायचं तर त्याच क्षणी थांबवायला हवं होतं. बाहेर जाऊन हात वर केला असता की पंप थांबला असता. ते बाहेर गेले, आणि उभे राहिले. थांबवून सांगणार काय होते? सेंट्रिंगवाल्याने असं का करावं, हे कुणीही विचारलं असतं, आणि पोर्चची जुनी गोष्ट निघाली असती. कुंदनने हे आधीच पाहून ठेवलं होतं. साहेब झाडाखाली उभे राहिले, मनगटावरचं घड्याळ फिरवत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं घर भरत गेलं.

त्यानंतरचे दिवस कुंदनच्या आयुष्यातले सर्वांत गोड दिवस होते. असं वाटावं याची त्याला लाजही वाटली नाही. कुठल्याही कामावर जाताना तो वाट वाकडी करून त्या बंगल्यावरून जायचा. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवलेलं असायचं, त्यात आभाळ दिसायचं. कधी साहेबांची गाडी उभी असायची आणि आत टेकूंच्या गर्दीत साहेब एकटे, मान वर करून. एकदा हातात बॅटरी होती. दिवसाढवळ्या बॅटरी घेऊन माणूस आपल्याच छताखाली काय शोधतो? कुंदन मोटरसायकल बंद करून कोपऱ्यावर थांबला आणि पाहत राहिला. या माणसाला सगळं ठाऊक होतं, हीच खरी मजा होती. साध्या घरमालकाला वाटलं असतं, आत एखादी भेग असेल. साहेबांना माहीत होतं की सळई मधेच तोडता येते, बीमच्या टोकाशी कमी घालता येते, काँक्रीटमध्ये कागदाचा गठ्ठा दाबता येतो, आणि वरून काहीच दिसत नाही. जितकं जास्त ठाऊक, तितक्या जागा. त्यांनी यंत्रं लावून तपासणी करवली, माणसं येऊन ठोकून गेली. सगळं ठीक आलं असं पुढे कुणाकडून तरी कळलं. पण ठीक आलेल्या तपासणीवर सही कशी होते, हेही साहेबांना ठाऊक होतंच.

मुदत भरली तेव्हा कुंदनने फोन लावला. नम्रपणे विचारलं, "साहेब, स्लॅब पिकला. टेकू काढायला माणसं पाठवू?"

मग साहेब म्हणाले, "नको. राहू देत अजून."

फोन ठेवल्यावर कुंदनला इतकं हलकं वाटलं की तो उभ्या उभ्या भिंतीला टेकला. ज्या माणसाला तेव्हा एक दिवसाचा धीर नव्हता, त्याला आता टेकू काढवत नव्हते. दिंडोरीला जाऊन भावाला सांगावं असं त्याला वाटलं. पण गेला नाही. का गेला नाही याचा विचारही त्याने केला नाही, बाजूला सारला. उज्वला म्हणाली, अलीकडे तुम्ही जेवताना हसता. तिने मग विचारलं, गंगापूर रोडचे आपले टेकू कधी यायचे, दुसरं काम अडलंय. येतील, तो म्हणाला, आणि पुन्हा हसू आलं.

ते कधी बिघडलं हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. एका दुपारी तो दुसऱ्याच कुठल्या साइटवर जिन्याचं सेंट्रिंग बघत होता आणि त्याच्या मनात आलं, की त्या बंगल्याच्या जिन्याजवळच्या बीमला आपण शेवटी पाहिलं होतं का? पाहिलं होतं. नक्की? साहेबांना खाली बोलवायच्या आधी तो तिकडेच उभा होता, पण त्या वेळी त्याचं लक्ष कामावर नव्हतं, आपण काय बोलायचं ते तो जुळवत होता. वर तिथे व्हायब्रेटर नीट फिरला होता की नाही? त्याने डोळे मिटून ती जागा आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला आठवला तो साहेबांचा ओला ओठ. सगळ्या स्लॅबमधली तेवढी एक जागा त्याच्या डोक्यात काळी राहिली. दुसऱ्या दिवशी ती जरा मोठी झाली. आपण काही ठेवलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं, पण साहेबांचा जसा तपासणीवर विश्वास बसत नव्हता, तसा त्याचाही आता त्या ठाऊक असण्यावर बसत नव्हता. द्वेष हातातून उतरून कुठे मिसळला तर नसेल? असा वेड्यासारखा विचार करत तो त्या बंगल्यापाशी गेला आणि त्याला दिसलं की साहेब आत नाहीत, आणि आपण स्वतः टेकूंच्या मध्ये मान वर करून उभे आहोत. तो घाईने बाहेर आला.

पुढच्या रविवारी सकाळी मीना मॅडम त्याच्या दारात आल्या. एकट्याच, रिक्षाने. उज्वलाने बसायला दिलं, पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या नाहीत. सगळं त्यांना कळलं होतं, नवऱ्याने अखेर सांगितलं होतं. पोर्च, रावजी, कुसाबाई, आणि स्लॅबखाली कुंदन काय म्हणाला ते. भाड्याच्या घरात साहेब आता हॉलमध्ये झोपत नाहीत, बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात, असं त्यांनी सांगितलं. आधी काय झालं आणि कुणाचं चुकलं याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. उज्वला दारात उभी राहून नवऱ्याकडे पाहत होती, आणि तिला हे सगळं आत्ताच कळत होतं.

"माझी मुलगी त्या खोलीत झोपणार आहे," मीना मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आत काय ठेवलंय, ते मला सांगा."

कुंदनला या क्षणाची तयारी नव्हती. साहेब येतील, हात जोडतील, हे त्याने कितीदा पाहिलं होतं, आणि त्या वेळी आपण गप्प बसायचं हेही ठरवलं होतं. बाईच्या चपलांना बंगल्याजवळची लाल माती लागलेली होती. म्हणजे त्या आधी तिकडे जाऊन आल्या होत्या.

"काही ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "मॅडम, मी शपथेवर सांगतो. त्यांना घाबरवायला बोललो होतो. तसा स्लॅब मी दुसरा भरलेला नाही."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात एखादी वस्तू उलटसुलट करून बघावी तशा त्या पाहत राहिल्या.

"आत काही असतं, तरी तुम्ही हेच म्हणाला असता," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. कुंदन मागोमाग जिन्यापर्यंत गेला, पुन्हा तेच म्हणाला, जास्त जोरात, आणि जितकं जोरात म्हणाला तितकं ते खोटं वाटत गेलं हे त्यालाच ऐकू आलं. रिक्षा गेल्यावर उज्वलाने विचारलं, खरंच काही नाही ना? तिच्याही डोळ्यांत तेच होतं. तो तिच्यावर खेकसला आणि खाली निघून गेला.

बंगला पाडायला काढल्याचं त्याला त्याच्याच माणसाने सांगितलं. नुसता स्लॅब. खाली कॉलम ठेवून वरचं सगळं फोडायचं. ब्रेकर लागले होते, आजूबाजूचे लोक गॅलरीत येऊन बघत होते. कुंदन पोचला तेव्हा पोरीच्या खोलीवरचा भाग उघडा झाला होता आणि सळया वाकून लोंबत होत्या. त्याने पडलेले तुकडे पाहिले. मग तो ढिगावर चढून जिन्याजवळच्या बीमपाशी गेला. तिथे फोडणं नुकतंच झालं होतं. तो खाली बसला आणि फुटलेल्या तोंडावरून हात फिरवला. खडी आणि सिमेंट एकजीव झालेलं, कुठे पोकळी नाही, सळई बरोबर जागेवर. त्याने बाहीने डोळे पुसले. इतकं चांगलं काम फुटताना पाहून रडू यावं, का आपण सुटलो म्हणून, ते त्याला कळलं नाही. दोन्ही एकदमच होतं.

मान वर केली तेव्हा साहेब पलीकडे उभे होते. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. त्यांनीही तो तुकडा पाहिला होता.

"काही नव्हतं ना," ते म्हणाले.

"नव्हतं."

"मला माहीत होतं," साहेब म्हणाले. "वाटलंच होतं, नसणार. पण तरी खाली झोपता आलं नसतं." ब्रेकर चालू होता. ते जवळ आले, कारण ओरडल्याशिवाय ऐकू आलं नसतं, आणि त्यांना ओरडायचं नव्हतं. मग ते म्हणाले, "मीच सांगितलं होतं रावजीला. काढ म्हणून. तो नको म्हणाला होता."

हे वाक्य कुंदनने आजवर मनातल्या मनात कितीतरी आवाजांत, कितीतरी ठिकाणी ऐकलं होतं. कोर्टात, गावात, भावाच्या पायाशी. आता ते धुळीत, अर्ध्या पडलेल्या घरात आलं आणि काहीच झालं नाही. साहेब पुढे म्हणत होते की मी येतो त्याच्याकडे, तू म्हणशील तिथे, म्हणशील तेव्हा, त्याच्यासमोर हे बोलतो. बायकोसमोर बोललोय, त्याच्यासमोरही बोलतो. ते खरंच आले असते. त्यांचा चेहरा खोटा नव्हता. साहेब खोपीपुढे उभे आहेत, रावजी हातातली पक्कड खाली ठेवतोय, ऐकतोय, आणि नेहमीसारखी मान हलवून म्हणतोय, बसा साहेब, पाणी घ्या, हे कुंदनला स्वच्छ दिसलं. भाऊ माफ करून टाकेल. एवढ्यावर सगळं संपेल. आणि मग आपण काय करायचं? हे सगळं काढून घेतलं तर आपल्या आत उभं काय राहणार, हा प्रश्न त्याला इतक्या स्पष्ट शब्दांत पडला नाही, पण त्याच्या अंगात त्याची थंडी भरली.

"नको," तो म्हणाला. "त्याच्याकडं जायचं नाही. त्याला काही सांगायचं नाही."

साहेबांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा नको म्हणाला, आणि ढिगावरून उतरला. या वेळी साहेबांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जे होतं ते पाहायला कुंदन थांबला नाही.

तिथून तो घरी न जाता दिंडोरीच्या रस्त्याला लागला. द्राक्षाचा हंगाम चालू होता, गाड्या क्रेटने भरून शहराकडे येत होत्या. बागेत शिरलं की वर पानांचं आणि घडांचं छत, खाली गारवा. रावजी बांधावर बसून भाकरी खात होता. कुंदनला पाहून तो सरकला, जागा केली, अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. कुंदनच्या केसांत, भुवयांवर सिमेंटची पांढरी धूळ होती. रावजीने ती पाहिली.

"काय फोडून आला?" त्याने विचारलं.

"एक स्लॅब."

"कुनाचा?"

"होता एकाचा. तिकडं गंगापूर रोडला." कुंदनने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. आता सांगता आलं असतं. साहेब काय म्हणाले, ते नुसतं पुढे करायचं होतं, भाकरीसारखं. "खराब भरला होता," तो म्हणाला. "पाडावा लागला."

रावजी जेवायचा थांबला. तांब्यातलं पाणी प्यायला, मिशी पुसली.

"कुनी मेलं नाय ना?"

"नाही."

"आन मिस्त्री?"

कुंदनला वाटलं त्याला सगळं कळलंय. पण रावजीच्या तोंडावर तसं काही नव्हतं. तो खरंच विचारत होता.

"मिस्त्रीच्या डोक्यावर आलं ना सगळं?" रावजी म्हणाला. "येनारच. लय वंगाळ आसतं ते. आता त्याला काम कोन देनार." त्याने फडकं झटकलं, त्याची घडी केली, डबा बांधला. "त्याला माझ्याकडं धाडून दे. हितं मांडवाचं काम हाय. मालकाला मी सांगतो."

पानांमधून उन्हाचे तुकडे त्याच्या खांद्यावर हलत होते. कुंदन त्याच्याकडे बघू शकला नाही.

"हो," तो म्हणाला. "सांगतो त्याला."